सुपरमॅनला उडवलं कोणी?

डिसेंबर १९७८मध्ये ‘सुपरमॅन’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या जाहिरातीनं प्रेक्षकांना एकच वचन दिलं होतं: माणूस उडू शकतो, हे तुम्हाला पटेल. कथेबद्दल त्या ओळीत काही नव्हतं, नटांबद्दल नव्हतं, खलनायकाबद्दलही नव्हतं. सुमारे साडेपाच कोटी डॉलर ओतलेल्या, तोवरच्या सर्वांत खर्चीक चित्रपटांत मोडणाऱ्या या निर्मितीनं सगळी भिस्त एका क्रियेवर ठेवली होती, आणि ती क्रिया कोणत्याही माणसाला करता येत नाही. मग हे वचन पाळायचं कुणी? या पुस्तकात ज्यांची ओळख करून दिली आहे, त्यांनी ते पाळलं. माझं म्हणणं असं आहे की, अतिमानवी नायकाच्या चित्रपटात नायकाची शक्ती कुणा एकाच्या प्रतिभेतून येत नाही. ती अनेक कसबांच्या सांध्यांवर उभी राहते, आणि हे सांधे जितके बेमालूम जुळतात तितके ते जुळवणारे हात नजरेआड होतात. म्हणून पडद्यावर जे दिसतं त्यावरून श्रेयाचा हिशेब मांडला तर तो हमखास चुकतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर विसंबलं तरीही तो चुकू शकतो, कारण ती नामावली कामाइतकीच करारांचीही नोंद असते.

हे दुसरं विधान आधी तपासून पाहू. ‘सुपरमॅन’च्या सुरुवातीची नामावली आजही डोळ्यांत भरते. रिचर्ड ग्रीनबर्ग यांच्या स्टुडिओनं तयार केलेली निळी, चमकती अक्षरं अवकाशातून प्रेक्षकाच्या अंगावर झेपावत येतात आणि जॉन विल्यम्स यांचं संगीत त्यांना जणू ढकलत राहतं. पहिलं नाव येतं मार्लन ब्रँडो यांचं, दुसरं जीन हॅकमन यांचं. सुपरमॅनची भूमिका करणारे ख्रिस्तोफर रीव्ह तिसरे, तेही चित्रपटाचं नाव येऊन गेल्यावर. ब्रँडोंना पडद्यावरच्या काही मिनिटांसाठी ३७ लाख डॉलर आणि वर उत्पन्नातला वाटा मिळाला. रीव्ह यांना दोन चित्रपटांचे मिळून सुमारे अडीच लाख. नावांचा हा क्रम आणि रकमांमधलं हे अंतर म्हणजे बाजारातल्या पतीचं मोजमाप. ब्रँडोंचं नाव जोडलं गेलं म्हणून अलेक्झांडर आणि इल्या सॅल्किंड या पितापुत्र निर्मात्यांना भांडवल आणि वितरक मिळवणं सोपं गेलं, तेव्हा त्या नावाची किंमत खोटी नव्हती. मात्र ती किंमत कामाच्या वाट्याबद्दल काहीच सांगत नाही. पटकथेचंही तसंच. ‘गॉडफादर’कार मारिओ पुझो, डेव्हिड आणि लेस्ली न्यूमन, रॉबर्ट बेंटन ही नावं लेखक म्हणून झळकतात. ज्या टॉम मँकीविझ यांनी ती अवाढव्य आणि बरीचशी विनोदी वळणाची संहिता नव्यानं लिहून चित्रपटाला आजचं रूप दिलं, त्यांचं नाव ‘क्रिएटिव्ह कन्सल्टंट’ अशा मोघम पदावर येतं, आणि त्यावरही लेखकांच्या संघटनेनं हरकत घेतली होती.

याच नामावलीत आणखी दोन नावं आहेत, आणि ती तिथं असणं हा माझ्या लेखी या चित्रपटाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. क्लीव्हलंडच्या जेरी सिगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि १९३८मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरना दिले. पुढे कोर्टकज्जे झाले, ते हरले, आणि कॉमिक्सवरून त्यांची नावंही गेली. सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघतोय अशी बातमी आली तेव्हा दोघंही उतारवयात हलाखीत दिवस काढत होते आणि शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सिगल यांनी जाहीर तक्रार केली, नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी ती लावून धरली, आणि डिसेंबर १९७५मध्ये वॉर्नर कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि सुपरमॅनचे जनक म्हणून नाव द्यायचं कबूल केलं. पडद्यावर त्यांचं नाव झेपावत येतं ते या लढ्यामुळे. नाव लागणं ही मानापमानाची किरकोळ बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं. त्या दोन माणसांच्या बाबतीत नाव आणि पोटाची भाकरी एकाच करारात आली.

आता त्या उड्डाणाकडे वळू, कारण माझ्या युक्तिवादाचा खरा पुरावा तिथं आहे. चित्रणाला सुरुवात झाली तरी सुपरमॅन उडवायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुतळे हवेत फेकून पाहिले, रेडिओवर चालणारं छोटं प्रतिरूप उडवून पाहिलं, चित्रं काढून ती हलवून पाहिली. पैसा पाण्यासारखा जात होता आणि दिसत होती ती फेकलेली बाहुलीच. मार्ग काढला तो मूळचे युगोस्लाव्हियातले झोरान पेरिसिक यांनी. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’वर काम केलेला हा तंत्रज्ञ ‘फ्रंट प्रोजेक्शन’ नावाच्या जुन्या युक्तीत एक नवी कल्पना घेऊन आला. जुनी युक्ती अशी: नटाच्या मागे खास पडदा असतो. त्यावर काचेचे सूक्ष्म मणी असतात, आणि त्यावर पडलेला प्रकाश जिथून आला नेमका तिथंच परत जातो. कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत अर्धपारदर्शक आरसा ठेवून, बाजूच्या प्रोजेक्टरमधून पार्श्वभूमीचं चित्र त्या आरशावरून पडद्यावर टाकतात. कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकाच रेषेतून पाहत असल्यामुळे नटाची सावली नटाच्याच मागे दडते, आणि त्याच्या अंगावर पडणारं चित्र इतकं फिकं असतं की कॅमेऱ्याला दिसत नाही. या मांडणीत नट जागचा हलला नाही तर चित्रही मुर्दाड राहतं. पेरिसिक यांनी कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोघांनाही झूम भिंगं बसवली आणि ती एकमेकांशी जोडून टाकली. कॅमेरा झूम करून नटाला मोठं करतो, त्याच क्षणी प्रोजेक्टर पडद्यावरचं चित्र त्याच प्रमाणात आक्रसून घेतो. परिणामी पार्श्वभूमी आहे तेवढीच राहते आणि नट मात्र मोठा होत जातो, म्हणजे ढगांतून आपल्याकडे झेपावतो. प्रत्यक्षात तो पडद्यासमोर, एका दांड्यावर, अंगाच्या मापानं घडवलेल्या साच्यात पालथा पडलेला असतो.

पण पेरिसिक यांची यंत्रणा एकटी काय करू शकली असती? दांडा लपवायला केप हवी आणि केप वाऱ्यावर फडफडली पाहिजे, नाहीतर सगळं सोंग उघडं पडतं. त्यासाठी तिच्या आत छोटी यांत्रिक जोडणी करावी लागली. जी दृश्यं निळ्या पडद्यासमोर चित्रित झाली तिथं आणखी गमतीची अडचण होती. निळा पडदा कापून काढताना सुपरमॅनचा निळा पोशाखही कापला जाई. म्हणून वेशभूषाकार इव्हॉन ब्लेक यांच्या पोशाखाची हिरवट छटेची वेगळी प्रत शिवून घेतली आणि नंतर प्रयोगशाळेत रंग जुळवून आणला. तरीही काही उड्डाणांत ती हिरवट झाक उरलीच आहे, बारकाईनं पाहणाऱ्याला दिसते. ऑप्टिकल विभागाचे रॉय फील्ड हे असे अनेक तुकडे एका चौकटीत बसवत होते. डेरेक मेडिंग्ज यांनी गोल्डन गेट पूल आणि धरण लहान आकारात बांधून मोडून दाखवलं. लेस बोवी, कॉलिन चिल्व्हर्स आणि डेनिस कूप यांचे विभाग सोबत होतेच. ऑस्कर अकादमीनं दृश्य परिणामांसाठी त्या वर्षी विशेष पुरस्कार दिला तो पेरिसिक धरून विभागांच्या या सहा प्रमुखांना मिळून. एका उड्डाणाला सहा नावं लागली, आणि हीदेखील विभागप्रमुखांचीच. या सगळ्यावर छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ यांचा प्रकाश पसरलेला आहे. चित्राच्या कडा किंचित विरघळवणारा त्यांचा मऊ, धुकट प्रकाश सुंदर तर आहेच, पण प्रत्यक्ष चित्रण, लहान प्रतिरूपं आणि प्रोजेक्शन यांच्यातल्या पोतांचा फरकही तो झाकतो. क्रिप्टन ग्रहावरच्या माणसांचे पोशाख आतून उजळल्यासारखे दिसतात, त्याचं कारणही या एकमेकांत गुंतलेल्या कामात आहे: ते कापड म्हणजे प्रोजेक्शनच्या पडद्याचंच प्रकाश परतवणारं साहित्य. एका विभागाचं साधन दुसऱ्या विभागाचा अलंकार झालं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदार आहे. तंत्र काहीही असो, लोकांनी विश्वास ठेवला तो ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या चेहऱ्यावर. मला हे निम्मं मान्य आहे. रीव्ह स्वतः वैमानिक होते. वळताना खांदा कसा झुकतो, नजर आधी वळते की शरीर, याची जाण त्यांच्या हालचालीत दिसते. त्या दांड्यावर अडकलेल्या अवस्थेतही ते हवा कापत जात असल्याचा आभास देतात, आणि हे कोणतंही यंत्र देऊ शकलं नसतं. नायिका लोइसच्या घरातला प्रसंग घ्या. ती आत गेली आहे आणि क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या रूपात वावरणारा सुपरमॅन, चष्मा काढतो. पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो, आणि आपल्यासमोर त्याच कपड्यांत दुसराच माणूस उभा असतो. मग धीर खचतो, चष्मा परत चढतो आणि तो अर्धी वीत बुटका होतो. इथं रीव्ह यांच्याखेरीज कुणाचीच करामत नाही. पण त्याच्या जरा आधीचं पाहा. सुपरमॅन गच्चीवरून उडून जातो, कॅमेरा न थांबता भारावलेल्या लोइसबरोबर आत येतो, आणि दारात क्लार्क हजर. दोन्ही तेच रीव्ह, आणि मध्ये कुठं कात्री लागलेली नाही. गच्चीवर दिसला तो सुपरमॅन आधी चित्रित करून तिथल्या पडद्यावर टाकलेला होता. लोइस झालेल्या मार्गो किडर यांना त्या प्रतिमेला प्रतिसाद देत अभिनय करावा लागला, आणि तो इतका सहज आहे की यात काही अवघड होतं असं वाटतही नाही. चष्म्याचा तो प्रसंग आपल्याला पटतो, कारण क्षणापूर्वी या चमूनं आपल्याला दोन माणसं खरोखर दाखवली होती. शिवाय रीव्ह तिथवर पोचले कसे? निर्मात्यांना नामांकित चेहरा हवा होता. पात्रनिवड करणाऱ्या लिन स्टॉलमास्टर यांनी या अनोळखी, सडपातळ रंगभूमीनटाचं नाव पुन्हा पुन्हा पुढे केलं. पुढे त्यांचं शरीर घडवलं ते ‘स्टार वॉर्स’मध्ये डार्थ व्हेडरच्या पोशाखात वावरलेल्या डेव्हिड प्राउझ यांनी. नटाचं श्रेय यानं तिळभर कमी होत नाही. तो नट कुणाच्या तरी पारखीतून आणि मेहनतीतून आपल्यासमोर आला, एवढंच यातून कळतं.

दुसरा आक्षेप सिनेमाच्या अभ्यासकांचा. चमू कितीही मोठा असो, दृष्टी एकाची असते आणि ती दिग्दर्शकाची, असं ते म्हणतील. रिचर्ड डॉनर यांनी या कथेची टिंगल होऊ द्यायची नाही, ती खऱ्यासारखी वाटली पाहिजे, हा आग्रह प्रत्येक विभागाच्या गळी उतरवला. तो नसता तर हे सगळं कसब विखुरलं असतं, यात शंका नाही. डॉनर यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण दिग्दर्शकाचं नाव म्हणजेच दृष्टी हे समीकरण तपासायला याच चित्रपटाच्या दुसऱ्या भागाइतका बोलका दाखला सापडणार नाही. दोन्ही भागांचं चित्रण एकत्र चाललं होतं. दुसऱ्याचा मोठा भाग डॉनर यांनी चित्रित करून ठेवला होता, आणि निर्मात्यांशी बिनसल्यावर त्यांना काढण्यात आलं. काम पुरं करायला रिचर्ड लेस्टर आले. ते आधीपासूनच मध्यस्थ म्हणून सेटवर होते, कारण ‘थ्री मस्किटीअर्स’चे त्यांचे पैसे सॅल्किंड यांच्याकडे अडकलेले होते. त्याच चित्रपटाच्या वेळी सॅल्किंड यांनी एका करारात नटांकडून दोन चित्रपट काढून घेतले होते आणि नटांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती. लेस्टर यांनी बरंच काही नव्यानं चित्रित केलं आणि दिग्दर्शक म्हणून एकट्यांचं नाव लागलं. जीन हॅकमन परतले नाहीत, त्यामुळे दुसऱ्या भागात त्यांची म्हणून जी दृश्यं आहेत ती डॉनर यांनी घेतलेली. सुपरमॅनच्या वडिलांची भूमिका केलेल्या ब्रँडोंना उत्पन्नातला वाटा द्यावा लागू नये म्हणून त्यांची दृश्यं वगळली आणि मुलाशी बोलायला बापाऐवजी आई आली. कथेतलं इतकं मोठं वळण पैशाच्या वादानं ठरवलं. डॉनर यांची आवृत्ती लोकांसमोर यायला २००६ साल उजाडलं. मग दृष्टी कुणाची म्हणायची? लेस्टर यांच्या भागात नजरेला जाणवणारा बदल विनोदाच्या जातीत आहे, तसाच प्रकाशातही आहे. अन्सवर्थ राहिले नव्हते, रॉबर्ट पेंटर यांनी कॅमेरा हाती घेतला होता, आणि धुकं विरून चित्र कॉमिकच्या पानासारखं लख्ख झालं होतं. माणूस बदलला की दृष्टी बदलते, आणि तो माणूस दर वेळी दिग्दर्शकच असतो असं नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. इतकी रक्कम ओतली तर कुणीही उडेल, असं सहज बोललं जातं. त्याला १९८७च्या चौथ्या भागाचं उत्तर पुरेसं वाटतं: रीव्ह तेच, हॅकमन तेच, संगीताची मूळ धून तीच, आणि उड्डाण मात्र केविलवाणं. समोरून झेपावणारा एकच तुकडा पार्श्वभूमी बदलून परत परत वापरलेला दिसतो आणि न्यूयॉर्कच्या जागी इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स उभं केलेलं ओळखू येतं. आक्षेप घेणारा लगेच म्हणेल, हा तर माझाच पुरावा झाला, कारण कॅनन कंपनीनं त्या भागाचं अंदाजपत्रक ऐन वेळी निम्म्याहूनही खाली आणलं होतं. बरोबर आहे. पैशाविना चमू टिकत नाही. पण उलट दिशेनं पाहा. पहिल्या भागाकडे पैसा भरपूर होता आणि तरी बाहुल्या फेकण्यापलीकडे गाडी सरकत नव्हती. पैशानं विकत मिळाला तो वेळ: पन्नास वेळा चुकण्याची मुभा आणि चुकल्यावर कामावरून न काढलं जाण्याची खात्री. चौथ्या भागात काटछाट झाली ती नेमकी या वेळेची, आणि ज्यांना तो वेळ वापरता येतो त्या माणसांची. मोठ्या अंदाजपत्रकाबद्दल बोलताना आपण नटांचं मानधन मोजत बसतो. चित्रपट तरतो किंवा बुडतो तो मात्र दुसऱ्याच रकान्यात.

हा सगळा इतिहास पन्नासेक वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवता आला असता, जर आज हे काम आपल्या उंबरठ्यावर आलं नसतं. लंडनच्या ‘डबल निगेटिव्ह’चं २०१४मध्ये मुंबईच्या ‘प्राइम फोकस’शी एकत्रीकरण झालं. आज ‘डीनेग’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीनं ‘अ‍ॅव्हेंजर्स’ मालिकेतल्या चित्रपटांचं काम केलं आहे, आणि अशा चित्रपटांच्या शेवटी सरकत जाणाऱ्या हजारो नावांत मुंबईच्या कलावंतांचे रकाने असतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला ‘रोटो’चं काम येतं. सेकंदाला चोवीस चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत नटाच्या हाताची, केपच्या टोकाची, वाऱ्यावर भुरभुरणाऱ्या केसांची कड आखून त्याला मागच्या दृश्यापासून सोडवायचं. रॉय फील्ड यांच्या विभागात जे रसायनं आणि फिल्मच्या पट्ट्यांनी व्हायचं, तेच आता उपनगरातल्या एखाद्या इमारतीत पडद्यासमोर बसून रात्रपाळीत होतं. त्या रकान्यात मराठी आडनावं भेटतात, पण बत्ती लागलेल्या सभागृहात ती वाचायला कुणी थांबलेलं नसतं. फेब्रुवारी २०१३मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’च्या दृश्य परिणामांना ऑस्कर मिळालं तेव्हा ते काम करणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’नं अवघ्या काही दिवसांपूर्वी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तिच्या शाखा मुंबई आणि हैदराबादेतही होत्या. तो अतिमानवी नायकाचा चित्रपट नव्हता, पण धंद्याची रीत एकच आहे: ठोक रकमेवर काम घ्यायचं, शेवटच्या आठवड्यापर्यंत बदल मागवले जायचे, आणि तोटा काम करणाऱ्या कंपनीनं सोसायचा. सप्टेंबर २०२३मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या दृश्य परिणाम विभागातल्या कर्मचाऱ्यांनी एकमतानं संघटनेच्या बाजूनं कौल दिला. सिगल आणि शूस्टर यांनी जे मागितलं होतं, त्याच जातीची ही मागणी आहे.

या पुस्तकाची मांडणी मुद्दाम विभागवार ठेवली आहे. ब्रँडोंना त्यात थोडी पानं मिळाली आहेत, कारण त्यांच्याबद्दल इतरत्र भरपूर लिहिलं गेलं आहे. पेरिसिक, फील्ड, मेडिंग्ज, स्टॉलमास्टर, संकलक स्टुअर्ट बेअर्ड यांना अधिक मिळाली आहेत. सुरुवात मात्र अशा तिघांपासून आहे ज्यांना या कामाचं पुरतं कौतुक पाहायला मिळालं नाही. अन्सवर्थ ऑक्टोबर १९७८मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही आठवडे आधी, ‘टेस’च्या चित्रणादरम्यान फ्रान्समध्ये गेले. ‘सुपरमॅन’ त्यांनाच अर्पण केलेला आहे. लेस बोवी जानेवारी १९७९मध्ये वारले, आणि ऑस्कर सोहळा त्यानंतर तीन महिन्यांच्या आत झाला. क्रिप्टनची ती बर्फस्फटिकांची दुनिया रचणारे कलादिग्दर्शक जॉन बॅरी त्याच वर्षीच्या जूनमध्ये, ‘स्टार वॉर्स’च्या पुढच्या भागावर काम करत असताना गेले. नामसाधर्म्यामुळे अनेक जण त्यांना जेम्स बाँडचे संगीतकार समजतात, म्हणून पहिलं प्रकरण त्यांचं आहे.